‘भाजी’ची ‘माजी’ झाली की ‘बाजी’?

श्रुतलेखनात बाईंनी ‘भाजी’ सांगितलं. एका मुलानं ‘माजी’ लिहिलं, दुसऱ्यानं ‘बाजी’. शाळेत दोघांचेही गुण गेले, दोघांच्याही वहीत ‘लक्ष नाही’ असा लाल शेरा आला. ठाण्यात स्पेशल एज्युकेटर म्हणून काम करताना मी अशा वह्या रोज उघडते. माझ्या दृष्टीनं ही दोन मुलं दोन वेगळ्या ठिकाणी अडली आहेत.

भ आणि म दिसायला सारखे. तिथे गफलत झाली तर ती बहुधा आकाराची असते. भ आणि ब मात्र दिसायला अजिबात सारखे नाहीत. त्यांच्यातला फरक श्वासाचा आहे, म्हणजे कानानं पकडायचा. एका शब्दावरून निष्कर्ष काढत नाही. दोन-चार पानं चाळली आणि ‘खाट’चं ‘काट’, ‘धार’चं ‘दार’ असंच सापडत गेलं, तर दुखणं कुठे आहे ते कळतं. अशा मुलाकडून पानभर ‘भ’ गिरवून घेतला तर हात दुखेल, बाकी काही होणार नाही. मी त्याला तळहात तोंडासमोर धरायला सांगते. ‘ब’ म्हण, आता ‘भ’ म्हण. ‘भ’ला हाताला ऊन श्वास लागतो. मग बात-भात, बार-भार, बाऊ-भाऊ अशा जोड्या नुसत्या ऐकून ओळखायच्या. पेन्सिल हातात येते त्यानंतर.

बोलणं मूल ऐकून ऐकून शिकतं. लिपी ही मात्र जेमतेम पाच-साडेपाच हजार वर्षांची गोष्ट. तिच्यासाठी मेंदूत जन्मतः वेगळी जागा नाही. चेहरे, वस्तू ओळखणाऱ्या भागांपैकी डाव्या बाजूचा, मागचा एक तुकडा वाचायला शिकताना अक्षरांसाठी तयार होतो आणि ध्वनी हाताळणाऱ्या भागांशी जोडला जातो. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अडचण, असलेल्या बहुतेक मुलांत ही जोडणी सावकाश आणि कष्टानं होते. बुद्धीशी याचा संबंध नाही. घराण्यात आधी कुणाला असेल तर शक्यता वाढते.

आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, असं आपण अभिमानानं म्हणतो. बहुतांशी ते खरंही आहे. पण ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि ऐकू नंतर येते. ‘सूर्य’मधला र् य-च्या आधी उच्चारायचा, बसतो मात्र य-च्या डोक्यावर. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक तर मोठ्यांनाही थबकायला लावतो. ‘स्त्री’ या एका अक्षरात चार ध्वनी आहेत. सुटी अक्षरं झरझर वाचणारं मूल तिसरीत जोडाक्षरांपाशी एकदम बसकण मारतं, त्याचं कारण बऱ्याचदा इथे असतं.

इटलीतल्या मुलांचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. इटालियनमध्येही लिहिलं तसं वाचायचं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्रजी, फ्रेंच आणि इटालियन वाचणाऱ्या डिस्लेक्सिक व्यक्तींची तुलना झाली. मेंदूतली अडचण तिन्ही गटांत सारखीच निघाली, पण इटालियन वाचणारे तुलनेनं कमी चुकत होते. मराठीतही मला हेच दिसतं: मूल बरोबर वाचतं, पण फार हळू, आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. चुका कमी, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. घोडबंदर रोडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तेच मूल ‘थ्रू’ आणि ‘टफ’च्या स्पेलिंगपाशी उघडं पडतं, आणि घरचे म्हणतात, “मराठी येतं की त्याला, इंग्रजीचाच कंटाळा आहे.” कंटाळा नव्हे तो. दोन्हीकडे अडचण एकच आहे, मराठीत ती झाकली जाते एवढंच.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून कित्येक पालक ते काढतच नाहीत, आणि दहावीच्या वर्षी धावाधाव करतात. मला याचं फार वाईट वाटतं. चष्मा लावायला कुणी लाजत नाही.

पक्कं निदान साधारण आठव्या वर्षाच्या आसपास होतं, पण ध्वनींचे खेळ त्याआधीच सुरू करता येतात, आणि त्यांना वही लागत नाही. मासुंदा तलावाला चक्कर मारताना विचारा: ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरलं? ‘पाटी’तल्या ‘पा’च्या जागी ‘मा’ घातला तर? ‘गाडी’सारखा ऐकू येणारा शब्द सांग. पाच वर्षांचं मूल चुकलं तर चुकू द्या. पहिली-दुसरीतलं मूल महिनोन्‌महिने खेळूनही इथेच अडत असेल, तर शाळेच्या शेऱ्याची वाट न बघता तपासणी करून घ्या.