1908 ची चासी, विमानाचं इंजिन: अशा गाडीला ‘विंटेज’ नोंदणी मिळते का?

अर्नेस्ट एल्ड्रिज या इंग्रज शर्यतपटूने 1908 सालची एक फियाट घेतली, तिची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, लांबवली आणि 1923 मध्ये त्यात फियाटचंच ए-12 हे विमानाचं इंजिन बसवलं. सहा सिलिंडर, 21.7 लिटर. ‘मेफिस्टोफेलीस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाडीने जुलै 1924 मध्ये फ्रान्समधल्या आर्पाजों इथे ताशी 234.98 किलोमीटरचा विक्रम केला. आता सांगा, ही गाडी कोणत्या सालची? चासी 1908 ची, इंजिन पहिल्या महायुद्धाच्या काळातलं, जुळणी 1923 ची. अशी किंवा कुठलीही बदललेली जुनी गाडी घेऊन आरटीओच्या दारात जाणाऱ्याला आधी याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

आपल्याकडे विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम जुलै 2021 मध्ये आले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 81-ए पासून पुढे ते आहेत. गाडी दुचाकी किंवा चारचाकी, खासगी वापराची आणि पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी हवी. परदेशातून आणलेलीही चालते. पण गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. विमानाच्या इंजिनाची गाडी अडते ती या शेवटच्या अटीवर.

माझं वाचन असं: ती जुळणी शंभर वर्षांपूर्वी झाली असेल आणि गाडीची नोंदणीच त्या रूपात झाली असेल, तर तेच तिचं मूळ रूप, असं मांडता येतं. गेल्या वर्षी गॅरेजमध्ये केलेल्या जुळणीसाठी हा युक्तिवाद टिकणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सुद्धा आरसीवरचे तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी जुळेनासे करणारे बदल सहसा मान्य करत नाही. निर्णय मात्र राज्याने नेमलेल्या समितीचा. समिती गाडी प्रत्यक्ष पाहून ठरवते, म्हणून पुरावा तुम्हीच भक्कम ठेवायचा.

पुरावा गोळा करताना सुरुवात चासीपासून करा. फ्रेमवर ठोकलेला क्रमांक शोधा आणि त्याचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे कागद ठेवून पेन्सिलीने घासलेला ठसा, घ्या. मग इंजिन. क्रमांकाची रिव्हेट केलेली पट्टी एका इंजिनावरून काढून दुसऱ्यावर लावता येते, त्यामुळे क्रँककेसवरच, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावरच, कोरलेला आकडा जास्त भरवशाचा. विमानाचं इंजिन ओळखायच्या खुणा बऱ्यापैकी ठळक असतात: अवाढव्य आकारमान, बहुतेकदा प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, आणि अनेक इंजिनांत एकेक सुटा उभा असलेला सिलिंडर. अमेरिकी लिबर्टी इंजिनाला 12 सिलिंडर आणि 27 लिटर. वेल्समधल्या पेन्डाइनच्या वाळूवर धावलेल्या ‘बॅब्स’ या वेगविक्रमाच्या गाडीत तेच होतं. हिस्पानो-सुइझाचं व्ही-8 साधारण 11.8 लिटरचं. आकडे जुळले तर इंजिनाचा वंश कळतो, गाडीचं वय नव्हे. युद्ध संपल्यावर अशी इंजिनं स्वस्तात विकली गेली आणि ती नंतर कधीही, कुठल्याही चासीत बसली असू शकतात. म्हणून त्या काळचे फोटो, शर्यतींच्या नोंदी, जुनी नोंदणीपत्रं आणि मालकांची साखळी दाखवणारे कागद हेच खरं धन.

ब्रिटनमध्ये फार बदललेल्या गाड्यांची ओळख ठरवायला बरीच वर्षं गुणांची पद्धत होती. मूळ चासीला 5 गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, ट्रान्समिशन आणि स्टिअरिंगला प्रत्येकी 2, इंजिनाला फक्त 1. जुना क्रमांक राखायला 8 गुण लागत. मला ही पद्धत न्याय्य वाटते, कारण गाडीची ओळख चासीत असते हे ती मान्य करते. आपल्या नियमात असं मोजमाप नाही, चासी आणि इंजिन दोन्ही एकाच तराजूत आहेत.

अर्ज ‘परिवहन’ पोर्टलवर, फॉर्म 20 मध्ये. सोबत विमा पॉलिसी आणि शुल्क; आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्क विभागाकडचा आयातीचा कागद), भारतात आधी नोंदलेली असेल तर आरसी. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000. सगळं पटलं तर फॉर्म 23-ए मधलं प्रमाणपत्र 60 दिवसांत मिळायचं असतं आणि ते 10 वर्षं चालतं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, म्हणजे महाराष्ट्रात ‘एमएच व्हीए’, पुढे दोन अक्षरांची मालिका आणि चार आकडे.

नोंदणी झाली म्हणून रोजच्या कामाला गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. व्यावसायिक वापर बंदच.

आणि रंगकाम, सँडब्लास्टिंग किंवा वेल्डिंग करायच्या आधी चासीचा आणि क्रँककेसचा क्रमांक, पट्टीच्या रिव्हेटांसकट, जवळून फोटो काढून ठेवा. हौशी कारागिराच्या ग्राइंडरखाली गेलेला आकडा परत आणता येत नाही, आणि नव्याने ठोकलेला आकडा समितीसमोर तुमच्याच विरुद्ध जातो.