प्राणी आणि माणूस यांच्या अवयवांची तुलनात्मक रचना

एकाच अवयवाची माणसातली आणि इतर प्राण्यांतली घडण शेजारी शेजारी ठेवून तपासायची आणि प्राण्यात दिसलेली गोष्ट माणसाला कितपत लागू पडेल हे ठरवायचे, हे वैद्यकीय संशोधनातल्या तुलनात्मक शरीररचनेचे काम. औषधांच्या चाचण्या, शस्त्रक्रियेची तंत्रे, हृदयाच्या झडपा, अवयवरोपण या सगळ्यांना या तुलनेचा आधार लागतो. माणसाला सर्वांत जवळचा प्राणी कोणता, असे नेहमी विचारले जाते. या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. डुकराचे हृदय माणसाच्या हृदयाशी चांगले जुळते, पण त्याच डुकराची वार (गर्भाला पोसणारा अवयव) माणसाच्या वारेपेक्षा अगदी वेगळी असते. वारेच्या बाबतीत चिमुकला उंदीर माणसाला अधिक जवळचा ठरतो. तुलना प्राण्याची नव्हे, अवयवाची करावी लागते. अवयवातही नेमका कोणता प्रश्न हाती आहे, हे आधी पाहावे लागते.

ही शिस्त न पाळल्याने काय होते, याचा धडा इतिहासात आहे. दुसऱ्या शतकातला वैद्य गेलन याच्या काळी रोममध्ये मानवी शव फाडून पाहण्यास मुभा नव्हती. त्याने माकडे, डुकरे, बैल यांची शरीरे बारकाईने तपासली आणि जे दिसले तेच माणसात असणार असे मानले. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक दाट जाळे असते, असे त्याने लिहिले. मेंढी, बैल, डुक्कर यांच्यात ते खरोखरच असते; माणसात नसते. कुत्र्यासारख्या प्राण्यांत खालचा जबडा दोन हाडांचा असतो, म्हणून माणसाचाही तसाच मानला गेला. तेराशे वर्षांहून अधिक काळ हे शिकवले जात होते. शरीररचनातज्ज्ञ आंद्रेआस व्हेसालियस याने 1543 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चुका दाखवून दिल्या. त्याआधी, 1538 च्या चित्रांत, त्याने स्वतःही ते जाळे माणसात काढले होते, आणि पुढे आपली ही चूक त्याने उघडपणे कबूल केली. गेलनचे निरीक्षण चुकले नव्हते. त्याने जे पाहिले ते त्या प्राण्यांपुरते खरे होते. चूक झाली ती एका शरीरातून दुसऱ्या शरीरात उडी मारताना.

1843 साली इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन याने मूळ एक असलेले अवयव आणि केवळ काम सारखे असलेले अवयव असा भेद स्पष्ट मांडला. वटवाघळाचा पंख आणि माणसाचा हात मुळात एकच. वटवाघळाचा पंख आणि फुलपाखराचा पंख काम एकच करतात, पण मूळ वेगळे. संशोधकाला दोन्ही प्रकारची साम्ये तपासावी लागतात, कारण मूळ एक असूनही रचना पुष्कळ बदललेली असू शकते.

हृदयाचे उदाहरण सविस्तर पाहण्याजोगे आहे. माणसाएवढ्या वजनाच्या डुकराचे हृदय आकाराने साधारण माणसाच्या हृदयाएवढे असते. चार कप्पे, चार झडपा, हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची मांडणी, हे सारे ओळखीचे वाटते. या धमन्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या आडवाटा डुकरात फार थोड्या असतात. एक धमनी बंद केली की तिच्या हद्दीतला स्नायू मरतो, निरोगी माणसात जवळजवळ तसेच होते. कुत्र्यात मात्र अशा आडवाटा भरपूर असतात. धमनी बांधली तरी शेजारून रक्त पोहोचते आणि इजा कमी होते. हृदयविकाराच्या झटक्यावरचे एकच औषध कुत्र्यात गुणकारी आणि डुकरात निष्प्रभ दिसले, तर श्रेय औषधाला द्यायचे की आडवाटांना, हे आधी तपासावे लागते.

डुकराचे हृदय हातात घेऊन मागच्या बाजूने पाहिले, तर डाव्या अंगाने एक जाड नीला खाली उतरताना दिसते. छातीच्या भिंतीतले रक्त आणणारी ही नीला हृदयाच्या स्वतःच्या नीलांचे रक्त जिथे गोळा होते, त्याच पन्हळीत येऊन मिळते. माणसात छातीचे ते रक्त वेगळ्या वाटेने वरच्या महानीलेत जाते. हृदयाच्या स्नायूने किती ऑक्सिजन वापरला हे मोजण्यासाठी या पन्हळीतून रक्त घ्यायचे असेल, तर डुकरात ती डावी नीला आधी बांधावी लागते. नाही बांधली, तर नळीत येणारे रक्त निम्मे हृदयाचे, निम्मे बरगड्यांमधले, आणि मोजणी बिघडलेली. एवढ्या एका नीलेकडे दुर्लक्ष झाले, तर अख्ख्या प्रयोगावर पाणी फिरते.

मूत्रपिंड उभे चिरले की फरक डोळ्यांनीच दिसतो. उंदीर, ससा, कुत्रा यांच्या मूत्रपिंडात आतला भाग एकाच टोकात किंवा कंगोऱ्यात उतरतो. माणसाच्या मूत्रपिंडात असे अनेक सुळके असतात, साधारण 7 ते 18, आणि प्रत्येकाच्या टोकाला मूत्र झेलणारी छोटी वाटी असते. डुकरातही सुळके अनेक असतात. म्हणून मुतखडे दुर्बिणीने काढण्याचा सराव डुकराच्या मूत्रपिंडावर करतात; एकाच टोकाच्या मूत्रपिंडात त्या वळणावळणाच्या वाटाच नाहीत. गाळण घटकांची संख्याही विचारात घ्यावी लागते: माणसाच्या एका मूत्रपिंडात ते सरासरी 10 लाखांच्या आसपास (व्यक्तीगणिक बरेच कमीजास्त), मोठ्या उंदरात (रॅट) सुमारे 30 हजार.

यकृताबाबत मात्र उंदीर फार उपयोगी ठरला आहे, आणि तोही रचनेतल्या वेगळेपणामुळेच. त्याच्या यकृताचे खंड एकमेकांपासून सुटे, अरुंद देठांवर लोंबणारे असतात. देठाला दोरा बांधला की तो खंड फारसा रक्तस्राव न होता कापून काढता येतो. 1931 साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी याच पद्धतीने सुमारे दोन तृतीयांश यकृत काढून दाखवले. उरलेले यकृत आठवड्या-दीड आठवड्यात वाढून जवळजवळ मूळ वजनाला पोहोचते. यकृताच्या पुनर्निर्मितीचा पुढचा अभ्यास बव्हंशी या प्रयोगावर उभा आहे. माणसाचे यकृत वरून एकसंध दिसते. त्यातले आठ भाग आतल्या रक्तवाहिन्यांवरून ओळखावे लागतात, त्यामुळे उंदराची सोपी शस्त्रक्रिया माणसाच्या शस्त्रक्रियेची तालीम होऊ शकत नाही. मोठ्या उंदराला पित्ताशय नसते, लहान उंदराला (माउस) असते. पित्तखड्यांवर काम करणाऱ्याने ही एवढी गोष्ट प्राणी निवडण्याआधी लक्षात ठेवावी.

फुप्फुसे: माणसात उजवीकडे तीन खंड, डावीकडे दोन, लहान उंदरात उजवीकडे चार, डावीकडे एकच. डुक्कर आणि मेंढी यांच्यात उजव्या वरच्या खंडाची श्वासनलिका मुख्य नळी दुभंगण्याआधीच फुटते. भूल देताना श्वासमार्गात घातलेली नळी थोडी खोल गेली, की तो खंड बंद होतो.

त्वचा, डोळा, मेंदू यांत तर लहान उंदीर वारंवार फसवतो. त्याच्या कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो. जखम झाली की तो कातडी ओढून घेतो आणि जखम आकसून मिटते. माणसाची जखम मुख्यतः नव्या पेशी भरून आणि वरून कातडी चढून बरी होते. म्हणून उंदराच्या जखमेभोवती कडी चिकटवून ते आकसणे रोखतात, नाहीतर मलमाचा गुण कळतच नाही. बारीक नजरेसाठी दृष्टिपटलावर जो खोलगट मध्यबिंदू असतो, तो सस्तन प्राण्यांत फक्त माणूस, माकडे, वानर यांच्या वर्गात आढळतो. उंदराचा मेंदू गुळगुळीत आणि सुमारे 0.4 ग्रॅम वजनाचा. माणसाचा सुमारे 1,300 ते 1,400 ग्रॅम, वळ्यांनी भरलेला. वळ्या हव्या असतील तर डुक्कर किंवा मेंढी घेतात.

वारेचा उल्लेख सुरुवातीला केला. माणूस आणि उंदीर या दोघांत वारेच्या पेशी आईच्या रक्तात थेट बुडालेल्या असतात. डुकरात आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांच्यामध्ये पेशींचे अनेक थर शाबूत राहतात, इतके की आईची प्रतिपिंडे पिल्लाला गर्भात मिळतच नाहीत; ती जन्मानंतर चिकातून मिळतात. गर्भारपणातले औषध बाळापर्यंत पोहोचते का, हा प्रश्न डुकराला विचारून उत्तर मिळणार नाही.

उभे राहण्याच्या पद्धतीचाही परिणाम होतो. चार पायांच्या प्राण्यात हृदय छातीच्या हाडाकडे लोंबते, माणसात ते छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर टेकलेले असते. दिशांची नावेही म्हणून बदलतात: माणसाची वरची महानीला डुकरात डोक्याकडची महानीला म्हणतात, कारण तिथे ती वर नसून पुढे असते. दोन शाखांची पुस्तके शेजारी ठेवून वाचणारा विद्यार्थी इथे हमखास गोंधळतो.

सूक्ष्मदर्शकाखाली साम्य आणखी सावधपणे तपासावे लागते. लहान उंदराच्या स्वादुपिंडातल्या बेटांमध्ये (पेशींच्या छोट्या पुंजक्यांमध्ये) इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी गाभ्यात आणि ग्लुकॅगॉन (रक्तातली साखर वाढवणारे संप्रेरक) बनवणाऱ्या कडेला असतात. माणसात त्या मिसळलेल्या असतात. 1921 साली बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर केलेल्या कामातून इन्सुलिन हाती आले, आणि डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एकाच अमिनो आम्लाने वेगळे असल्याने ते रुग्णांना कित्येक दशके वापरता आले. रेणू इतका जुळतो, ज्या बेटात तो बनतो त्याची मांडणी मात्र प्राण्यागणिक बदलते.

आकाराचे साम्य टिकाऊ असतेच असे नाही. पाळीव डुक्कर सहा महिन्यांत 100 किलोच्या घरात जाते, आणि दीर्घ प्रयोगात सुरुवातीला जुळणारा अवयव शेवटी जुळत नाही. म्हणून 1960 च्या दशकात ग्योटिंगेन विद्यापीठात छोट्या चणीचे डुक्कर तयार करण्यात आले. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात एका रुग्णाच्या छातीत डुकराचे हृदय बसवले गेले, त्या डुकरात दहा जनुकीय बदल केलेले होते. तीन बदल माणसाचे शरीर ज्या शर्करांवर तुटून पडते त्या काढण्यासाठी होते, सहा मानवी जनुके घालण्यासाठी. उरलेला एक वाढीच्या संप्रेरकाचा ग्राही (त्याचा संदेश स्वीकारणारा पेशीवरचा रेणू) बंद करण्यासाठी होता, जेणेकरून ते हृदय डुकराच्या वेगाने वाढत जाऊन माणसाच्या बरगड्यांत मावेनासे होऊ नये. रुग्ण सुमारे दोन महिने जगला.