नदीकाठचं गाव नदीपासून एवढं वर का?

डोंगरातल्या नदीकाठच्या गावात पहिल्यांदा गेलं की एक गोष्ट खटकते. नदीचा आवाज घरात येतो, पण ती बघायला गावाच्या कडेपर्यंत जावं लागतं, आणि तिथूनही ती खाली खोलात दिसते. पिण्याचं पाणीही बहुतेकदा वरच्या उतारावरच्या झऱ्याचं.

याचं उत्तर पायाखाली असतं. शेताचा एखादा ढासळलेला बांध बघा. मातीत गुळगुळीत, घासून गोल झालेले गोटे दिसले, तर ती जागा कधीकाळी नदीचं पात्र होती. नदी पुढे खोल कापत गेली आणि जुनं पात्र ओट्यासारखं वर उरलं. गोट्यांऐवजी धारदार कोनांचे लहानमोठे दगड चिखलमातीत मिसळलेले दिसले, तर ते काम बहुधा शेजारच्या ओढ्याचं. अरुंद घळीतून सुटलेला ओढा मोकळ्या जागेत आला की उतार कमी होतो, वेग पडतो आणि ओझं तिथेच टाकलं जातं. ते साचत साचत पंख्याच्या आकाराची जमीन तयार होते.

डोंगरात सपाटीइतकं दुर्मिळ काही नाही. त्यामुळे घरं आणि शेतं याच पंख्यावर येतात. अडचण एवढीच, की ओढ्याचं काम संपलेलं नसतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढोबळमानाने 64 पट वजनाचा दगड हलवू शकतं, असा जुना हिशेब आहे. म्हणजे वर्षभर उडी मारून ओलांडता येणारा ओढा एका दुपारी घराएवढी शिळा आणू शकतो. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातलं धराली गाव भागीरथीच्या काठी, पण 5 ऑगस्ट 2025 रोजी त्याचा बराच भाग गाडला गेला खीरगंगा नावाच्या ओढ्याच्या गाळाखाली. माणसं मोठ्या नदीकडे डोळे लावून बसतात आणि दगा बाजूचा ओढा देतो.

उन्हाचं गणित त्या मानाने सोपं. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड केलेल्या उताराला ऊन जास्त, तिथला बर्फ आधी वितळतो. रात्री थंड, जड हवा दरीच्या तळाशी उतरते. म्हणूनही तळापेक्षा थोडं वर राहणं बरं.

आता गावात माणसं किती? हे विचारताना महिनाही सांगावा लागतो. उत्तराखंडातच अलकनंदेच्या खोऱ्यातलं माणा हे गाव सुमारे 3,200 मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तिथली कुटुंबं खालच्या गावांत उतरतात. 2011च्या जनगणनेत देशभरासाठी 1 मार्च 2011 ही संदर्भ तारीख होती, पण बर्फात अडकणाऱ्या भागांसाठी ती 1 ऑक्टोबर 2010 अशी आधीची घ्यावी लागली. मोजणाऱ्यालाही बर्फाच्या आधी पोचायचं होतं!

हे झालं ऋतूबरोबर जाणं-येणं. काही जण मात्र परत येत नाहीत. उत्तराखंडातल्या अल्मोडा आणि पौडी गढवाल या जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 ते 2011 या काळात चक्क घटली. अल्मोड्यात 2011 साली दर हजार पुरुषांमागे 1,139 स्त्रिया होत्या, कारण कामासाठी बाहेर पडणाऱ्यांत पुरुष अधिक. मागे राहिलेल्यांना सगळे बांध दुरुस्त करणं जमत नाही. मग पावसाळ्यात एक दगड निसटतो, त्यामागे वरची माती सुटते, आणि पिढ्यांनी अडवून धरलेलं शेत हळूहळू खाली नदीत जातं.