यूएसपी७ पी५३ला वाचवतं, मग ते काढल्यावर पी५३ वाढतं कसं?

पी५३ हे कर्करोगाला आवर घालणारं प्रथिन; एमडीएम२ आणि यूएसपी७ ही त्याचं प्रमाण ठरवणारी दोन एन्झाइमं. ‘एमडीएम२ पी५३ला मारतं, यूएसपी७ वाचवतं.’ उत्तरपत्रिकांत आणि सेमिनारच्या स्लाइडवर हे वाक्य वाचून वाचून मी कंटाळले आहे. त्यावर विसंबून पुढचं गणित केलं, की ते हमखास चुकतं.

एमडीएम२ बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. ते पी५३वर युबिक्विटिन या ७६ अमिनो आम्लांच्या चिमुकल्या प्रथिनाची साखळी चढवतं. साखळी चढलेल्या पी५३चे तुकडे मात्र प्रोटिएसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, करतं. ते काम एमडीएम२च्या नावावर लिहिलं की मी गुण कापते. ताण नसलेल्या पेशीत निम्मं पी५३ वीसेक मिनिटांत संपतं ते यामुळेच. यूएसपी७चं काम उलट, चढलेलं युबिक्विटिन उतरवण्याचं. एक लिगेज (चढवणारं), दुसरं डीयुबिक्विटिनेज (उतरवणारं). इथवर कुणी अडखळत नाही.

अडखळतात ते पुढे. यूएसपी७ पी५३वरचं युबिक्विटिन उतरवतं हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे यूएसपी७ काढलं की पी५३ घटणार, नाही का? २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एचसीटी११६ पेशींतून यूएसपी७चं जनुक काढून टाकलं, तर पी५३ चक्क वाढलं! त्याच वर्षीच्या दुसऱ्या कामात आणखी बारकावा दिसला: यूएसपी७ थोडं कमी केलं तर पी५३ घटतं, जवळजवळ पूर्ण काढलं तर वाढतं.

कारण एमडीएम२ स्वतःवरही युबिक्विटिन चढवतं. तेही अल्पायुषीच, आणि त्यालाही सांभाळतं यूएसपी७. पी५३ आणि एमडीएम२ दोघं यूएसपी७च्या एकाच खोबणीत बसतात, पण एमडीएम२ची पकड जास्त घट्ट. यूएसपी७ पूर्ण गेलं की एमडीएम२ टिकत नाही. मग पी५३वर युबिक्विटिन चढवायलाच फारसं कुणी उरत नाही, तर उतरवणारा नसल्याने काय बिघडणार? ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनांचं प्रमाण पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, हे नजरेत भरतं: यूएसपी७ नसलेल्या नमुन्याच्या रांगेत (लेनमध्ये) एमडीएम२ची पट्टी फिकट, पी५३ची ठळक.

म्हणून ‘पी५३चा रक्षक’ हे यूएसपी७चं बिरुद मला मुळीच मान्य नाही. फळ्यावर मी यूएसपी७पासून दोन बाण काढते आणि एमडीएम२कडे जाणारा मुद्दाम जाड काढते. यूएसपी७ रोखणारे रेणू कर्करोगावर औषध म्हणून का शोधले जातात, हे त्या जाड बाणाशिवाय उमगत नाही.

पी५३ वाढवणारं नटलिन हे दुसरं संयुग यात मिसळू नका. ते एमडीएम२च्या खाचेत बसून पी५३ला तिथे येऊ देत नाही. एमडीएम२चं लिगेजचं काम ते बंद करत नाही. आणि एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा विषाणू) यामुळे झालेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर पी५३वर युबिक्विटिन चढवणारं एन्झाइमच वेगळं असतं. विषाणूचं ई६ प्रथिन त्या कामाला पेशीतलं ई६एपी जुंपतं. तिथे एमडीएम२ रोखून पी५३ वाचेल अशी आशा धरणं फोल आहे.