इमारत शाबूत, माणसं घरी: आपत्कालीन योजनांची पार्श्वभूमी

कोविडच्या काळात भल्याभल्या संस्थांच्या आपत्कालीन योजना कोलमडल्या. त्यांचं मूळ शोधत मागे गेलं की आपण एका खोलीपाशी येऊन थांबतो. १९७०च्या दशकात मोठ्या बँका आणि कंपन्यांचे हिशेब एका खोलीत ठेवलेल्या मेनफ्रेम या अवाढव्य संगणकांवर आले होते. त्या खोलीला आग लागली तर? या धास्तीपोटी नोंदींच्या प्रती दुसरीकडे ठेवणं, पर्यायी जागा राखून ठेवणं सुरू झालं. संकट एका ठिकाणी येईल, चार दिवसांत ओसरेल आणि बाहेरचं जग सुरळीत असेल, हे त्यात धरूनच चाललेलं होतं.

१९८२मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि ७ जण दगावले. ते विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. संकट कसं हाताळावं याचं उदाहरण म्हणून व्यवस्थापनाच्या वर्गांत हे अजूनही शिकवतात.

मला मात्र ११ सप्टेंबर २००१ची कँटर फिट्झजेराल्ड या रोखे-व्यवहार करणाऱ्या कंपनीची गोष्ट जास्त अस्वस्थ करते. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यातल्या या कंपनीची ६५८ माणसं त्या दिवशीच्या दहशतवादी हल्ल्यात गेली. न्यू जर्सीत पर्यायी केंद्र होतं, म्हणून दोन दिवसांत व्यवहार पुन्हा सुरू झाले. यंत्रणा तरली. पण कोणत्या ग्राहकाला काय शब्द दिलाय, हे ज्यांना तोंडपाठ होतं, तीच माणसं उरली नव्हती. ती माहिती कुठल्या प्रतीत सापडणार?

११ मार्च २०२०ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं, तेव्हा नेमकं हेच दुखणं जगभर एकदम उघडं पडलं. इमारती जागच्या जागी, सर्व्हर चालू. पण माणसं घरात अडकलेली, आणि राखून ठेवलेली पर्यायी जागाही तितकीच बंद.

टोयोटाने जपानमधल्या २०११च्या भूकंप-त्सुनामीतून धडा घेऊन पुरवठादारांच्याही पुरवठादारांची नोंद ठेवली होती, आणि चिपचा काही महिन्यांचा साठा करून घेतला होता. म्हणूनच २०२१च्या सुरुवातीला इतर मोटार कंपन्या चिपअभावी उत्पादन थांबवत असताना तिचं काम बरंचसं चालू राहिलं. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिलाही सप्टेंबरच्या जागतिक उत्पादनात ४० टक्के कपात जाहीर करावी लागली. आग्नेय आशियातल्या पुरवठादारांच्या कारखान्यांपर्यंत तोवर साथ पोचली होती.