भंडाऱ्यावरचा एकांत आणि घरातला विठोबा

'देव मानतो, पण माणसांची गर्दी नको, आणि घरच्यांनी सांगितलं म्हणून तर मुळीच नको' असं म्हणणारे थोडे नाहीत. दाखला मागितला की बहुतेक जण तुकोबांना देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर नेऊन बसवतात. दाखला खोटा नाही, अर्धा आहे.

देहूच्या त्या घरात विठोबा कित्येक पिढ्या आधीपासून होता. वारी मूळ पुरुषापासूनची, आणि देऊळही घरचंच. तुकोबांनी पडझड झालेलं ते देऊळ सावरलं, म्हणजे देव त्यांना डोंगरावर भेटला असं म्हणायला जागा नाही. आईवडील गेले, भावजय गेल्यावर थोरला भाऊ घर सोडून निघून गेला, १६३० च्या दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा दगावले. मग एकटं बसायची ओढ लागली. परंपरा सांगते की वाटणीची निम्मी कर्जखतं त्यांनी धाकट्या भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. संन्यास मात्र घेतला नाही.

सगळा गोंधळ एका अभंगाने केला आहे. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरे वनचरें' ही ओळ आज रोपवाटिकेच्या पाट्यांवर आणि शाळेच्या भिंतींवर असते, त्यामुळे तिचा अर्थ 'झाडे लावा' एवढाच उरला आहे. तिथला शब्द 'सोयरे' आहे, 'सगे' नाही. सगे रक्ताचे, सोयरे लग्नाने जोडलेले. (२०२४ साली एका सरकारी मसुद्यात 'सगेसोयरे' आलं, तेव्हा सोयरा नक्की कोण यावर राज्यभर वाद झाला. हा शब्द किती नाजूक आहे ते तेव्हा कळलं.) घरापासून दूर बसलेल्या माणसाला झाडांसाठी सापडलेला शब्दही सोयरिकीचा निघावा, हे मला फार बोलकं वाटतं. पुढचा शब्द 'एकांत'. 'येणें सुखें रुचे एकांताचा वास' म्हणणारा माणूस शेवटच्या चरणात 'आपुलाचि वाद आपणांसी' म्हणतो. म्हणजे हा एकांत निवांत नाही, आत भांडण चालू आहे. बोलीत तर नवराबायकोलाही एकांत मिळतो. या शब्दाला माणूस एकटाच असावा लागतो असं नाही. 'एकटेपणा' वेगळा. आपण दोन्ही एकाच पिशवीत भरतो.

आणि हा एकांत चालला कशावर? डोंगरावर भाकरी घेऊन चढणाऱ्या जिजाईवर, त्यांच्या दुसऱ्या बायकोवर. दुष्काळाने खाल्लेलं घर आणि पोरं सांभाळून ती रोज नवऱ्याला शोधायला जायची. कीर्तनांतून तिला कजाग ठरवण्यात आलं, ते मला तरी पटत नाही. बायकांना असा डोंगर मिळतच नव्हता. तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाईंनी नवऱ्याचा मार सोसून, संसारात राहूनच भक्ती केली, हे त्यांनी स्वतः अभंगांत लिहून ठेवलं आहे.

१६५० मध्ये तुकोबा गेले तेव्हा धाकटा मुलगा नारायण पोटात होता. वडील त्याने पाहिलेच नाहीत. त्यानेच १६८५ च्या सुमारास पादुका पालखीत ठेवून वारीला ती नवी रीत दिली. एकट्याने डोंगरावर केलेली भक्ती पुन्हा घराण्याकडे आली, आणि आली ती हक्क, मान, इनामं आणि पुढच्या पिढ्यांतल्या तंट्यांसकट. देहूच्या देवस्थानाचा कारभार आजही वंशजांकडेच आहे.

आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या असतात, आणि कोणाची दिंडी कुठे चालायची हा क्रम ठरलेला असतो. 'आमच्या घरात वारी आहे' असं लोक शेताबद्दल बोलावं तसं बोलतात. बाप थकला की मुलगा जातो, त्याचा देवावर विश्वास आहे का हे कोणी विचारत नाही. कधी कधी तो नसतोही. पंधरा-वीस दिवस चालून काहींचा बसतो, काहींचे फक्त पाय सुजतात.

२०२० मध्ये साथीमुळे पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या, सोबत मोजकी माणसं. रस्त्यावर दिंडी नव्हती. ज्यांच्या घरात वारी होती, त्यांना त्या आषाढीला घरीच बसून नाव घ्यावं लागलं.