रॉ छायाचित्र-फाइल : खुली व खाजगी स्वरूपे

कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडलेल्या प्रकाशाची, रंगसंस्कार होण्यापूर्वीची नोंद म्हणजे रॉ फाइल. निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर२ व २०१८ पासूनची सीआर३, सोनीची एआरडब्ल्यू ही खाजगी स्वरूपे होत; त्यांचा संपूर्ण तपशील कंपन्या सहसा प्रसिद्ध करीत नाहीत. खुले स्वरूप म्हणजे मुख्यतः ॲडोबीचे डीएनजी.

डीएनजी सप्टेंबर २००४ मध्ये जाहीर झाले व खुल्या स्वरूपाचा आरंभ बहुधा तेथूनच धरतात. मात्र त्याचा पाया टिफ/ईपी हे, टिफ या जुन्या चित्र-फाइल स्वरूपावर बेतलेले २००१ चे आयएसओ मानक असल्याने आरंभ त्याआधीचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एनईएफचा सांगाडाही टिफचाच. म्हणजे भेद बांधणीत कमी, दप्तर उघडे ठेवण्यात अधिक. डीएनजी एकाच कंपनीच्या हाती असल्याने ‘खुले’ या शब्दास काहींचा आक्षेप आहे. तपशील प्रसिद्ध व परवाना विनामूल्य असल्याने येथे तो शब्द ठेवला आहे.

२००५ मध्ये निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्यातील एनईएफ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्सचे आकडे सांकेतिक केलेले आढळले आणि फोटोशॉपचे एक जनक थॉमस नोल यांनी त्यावर जाहीर टीका केली. लाल व निळ्या रंगाला किती गुणायचे, हे ते आकडे सांगतात. सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर दिवे लागल्यावर नंदीध्वजाच्या मानकऱ्यांची पांढरी बाराबंदी पिवळट उतरते. ती पांढरी दाखवायला कॅमेऱ्याने नोंदलेले आकडे वाचता आले नाहीत, तर संगणकाला अंदाज बांधावा लागतो. अर्थात कुलपे उघडणारेही असतात. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ पासून विकसित केलेल्या डीसीरॉ प्रणालीने शेकडो कॅमेऱ्यांच्या खाजगी फाइली वाचून दाखविल्या. त्यामुळे ‘उद्या ही फाइल उघडणारच नाही’ ही भीती काहीशी अतिरंजित म्हणावी लागेल.

खाजगी फाइल डीएनजीत रूपांतरित करून ठेवण्याचा तोटाही आहे: कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर रूपांतरित डीएनजी बहुधा उघडत नाही. मूळ फाइल डीएनजीच्या पोटात ठेवता येते, पण जागा जवळपास दुप्पट लागते.

अल्बम देऊन डिस्क रिकामी करणाऱ्या लग्नाच्या छायाचित्रकाराला हा प्रश्न फारसा पडत नाही. सोलापूरजवळील नान्नजच्या माळरानावरील माळढोकाच्या जुन्या चित्रांची गोष्ट वेगळी. तो पक्षी आता तेथे क्वचितच दिसतो. अशा संग्रहासाठी मूळ फाइल व डीएनजी दोन्ही, वेगवेगळ्या डिस्कांवर ठेवणे इष्ट.